आप्पांच्या अक्षराचा फॉन्ट

आमच्या उद्यमनगरात दिवसभर फुकट वाटलं जाणारं एक वाक्य आहे: "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम हाय." ड्रॉइंगवर व्यासाच्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटलं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम. अंशाचं बारीक वर्तुळ गायब झालं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम. भोक नको तिथं पडलं आणि कास्टिंग भंगारात गेलं, तरी तोच. माझी अर्धी हयात ड्रॉइंग ऑफिसात गेली, आणि मला तरी सॉफ्टवेअर कधी आपणहून चुकलेलं दिसलं नाही. ते सांगकाम्या गड्यासारखं असतं. चुकीचं सांगणारा शहाणा समोर बसलेला असतो आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा चहाचा कप असतो.

आम्ही फाउंड्रीवाल्यांसाठी ड्रॉइंग काढतो. पंपाची अंगं, झाकणं, गिअरबॉक्सच्या पेट्या. ते ड्रॉइंग बघून पॅटर्नमेकर लाकडाचा नमुना करतो, नमुन्यावरून वाळूत साचा होतो आणि साच्यात लोखंड ओततात. इतकं सगळं पुढं घडायचं असतं ते एका कागदावरून. त्या कागदावर आकड्याइतकंच आकड्याशेजारचं चिन्ह महत्त्वाचं. नुसता चाळीस म्हणजे काहीच नाही. त्याच्या आधी गोलाला तिरकी रेघ असलेलं चिन्ह आलं की तो चाळीसचा व्यास. पुढं अधिक-उणे आलं की किती इकडं-तिकडं चालेल ते कळतं.

हे चिन्ह टाइप कसं करायचं हे एका मिनिटात शिकून होतं. दोनदा टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर, संपलं. पण पदवी घेऊन आलेले आमचे वीर ते शिकत नाहीत. कुणी इंग्रजी ओ काढून त्यावर तिरकी रेघ मारतो. आकडा सरकवला की रेघ तिथंच लोंबकळत राहते. कुणी अधिक लिहून त्याखाली अधोरेखा देतो. चिन्ह दिसेना झालं की आधी कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, मग सॉफ्टवेअर काढून परत टाकायचं, आणि तरी नाही जमलं तर स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून पॅटर्नमेकरला पाठवायचा. फॉन्ट म्हणजे काय, तो कुठल्या फोल्डरमध्ये असतो, सॉफ्टवेअर त्याला कुठं शोधतं, हे विचारलं की माणसं असं बघतात जणू मी त्यांच्याकडं त्यांची पत्रिकाच मागितली.

यातला सगळ्यात मोठा अपराधी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बिद्रीकडचा गडी. दिसायला साधा, बोलायला गोड, आणि कामात कसाई. फॉन्टचा जरा घोटाळा झाला की हा सगळा मजकूर फोडायचा. फोडणं हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. सॉफ्टवेअरला तशी आज्ञा दिली की अक्षर अक्षर राहत नाही, त्याच्या नुसत्या रेघा होतात. मग फॉन्ट असो नसो, कुठंही उघडा, तसंच दिसतं. पण तो आकडा पुन्हा बदलता येत नाही, शोधता येत नाही. चाळीसचे बेचाळीस करायचे तर एकेक रेघ पुसून नव्यानं लिहावं लागतं. त्याची फोडलेली ड्रॉइंग दुरुस्त करण्यात माझी कित्येक वर्षं वाया गेली.

"ताई, फोडायचं आन मोकळं व्हायचं. कुठं बी उघडा, दिसतंय का न्हाय?"

"फोडायला ह्यो काय नारळ हाय?" मी म्हणायची.

तो हसायचा आणि पुढचं ड्रॉइंग फोडायला घ्यायचा. व्यासाचं चिन्ह तर तो कधी वापरतच नसे. सगळीकडं डी-आय-ए लिहून मोकळा. पुढं तो नोकरी सोडून गारगोटीला गेला आणि तिथं कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, क्लास काढला. म्हणजे आता हा फोडायचं शिकवतो.

आता फॉन्टबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्या ऑफिसचा फॉन्ट बाजारातला नव्हता. तो मी केला होता, आणि त्यातली अक्षरं माझ्या वडिलांची होती. आप्पा याच ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, ड्रॉइंग बोर्डवर, शाईच्या पेननं काढायच्या काळात. त्यांचं मराठी अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय; त्यांनी लिहिलेली किराणाची चिठ्ठी दुकानदार आईकडून वाचून घ्यायचा. पण ड्रॉइंगवरची इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं अशी की पॅटर्नमेकर ड्रॉइंग हातात घेतल्याबरोबर म्हणायचे, ह्ये आप्पांचं. कॉम्प्युटर आले, मी ऑफिसात लागले, आणि आप्पा निवृत्त व्हायच्या सुमाराला मी त्यांच्या जुन्या ट्रेसिंगवरून तो फॉन्ट बांधला. त्या जातीच्या फॉन्टमध्ये अक्षर म्हणजे पेनच्या हालचाली असतात. पेन टेकव, इतकं वर जा, इतकं उजवीकडं, आता उचल. आप्पांचा हात कसा फिरायचा ते मी आकड्यांत लिहून काढलं. त्यांची खास चिन्हंही त्यात माझ्या मनानं ठरवलेल्या जागी बसवली. फाईलचं नाव ठेवलं ‘आप्पा’.

पहिलं प्रिंट मी मोठ्या हौसेनं त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"ह्ये माझं अक्षर न्हाय," ते म्हणाले. "माझ्या अक्षराचं भूत हाय ह्ये. सगळे पाच सारखेच? माणूस सगळे पाच सारखे काढतोय व्हय?"

वर जेवताना भाताला नावं ठेवली. आमच्या घरात कौतुक या वस्तूची पैदासच नाही. दुसऱ्याच्या कामाकडं नाक मुरडून बघायची विद्या मला त्यांच्याकडूनच मिळाली. मला वाईट वाटलं, पण फॉन्ट मी काढून टाकला नाही. तो ऑफिसचा झाला.

नंतर आई गेली, आप्पा माझ्याकडं राहायला आले, आणि एका सकाळी दात घासता घासता त्यांचा उजवा हात गेला. लकवा. पाय पुढं थोडा सुधारला, बोलणंही आलं, हात नाही आला. ज्या माणसानं जन्मभर हातानं काम केलं आणि दुसऱ्याच्या हाताला नावं ठेवली, तो आता खिडकीपाशी बसून भिंतीकडं बघायला लागला. जेवण वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत.

एकदा मी घाईत एक प्रिंट घरी आणलं होतं. रात्रीचं ताट ठेवताना बघते तर आप्पांनी ते मांडीवर ओढून घेतलेलं आणि डाव्या हातात लाल पेन्सिल. एका मापाभोवती वेडावाकडा गोल केला होता. "कोण गाढव हाय ह्यो? ही जाडी कुठनं धरायची त्यानं सांगितलंच न्हाय." चूक खरी होती, आणि गाढव मीच होते. पण त्यांचा आवाज! कित्येक महिन्यांनी तो जुना, कारखान्यात ऐकू जाईल असा आवाज आला होता. दुसऱ्या दिवसापासून मी रोज एक ताजं प्रिंट घरी न्यायला लागले. ते तपासायचे, शिव्या घालायचे, आणि शिव्या घालून झाल्या की भाकरी मागायचे. डॉक्टरनं दिलेल्या कुठल्याही गोळीनं एवढं काम केलं नव्हतं. त्या प्रिंटवर त्यांचा जीव होता म्हटलं तरी चालेल.

आणि मग धाकट्या मालकांना स्वच्छतेचा झटका आला.

धाकटे मालक म्हणजे मालकांचा मुलगा. पुण्याहून शिकून आलेला, कानात कायम काहीतरी अडकवलेलं. मोठे मालक जुन्या चालीचे. आमच्याकडं खंडेनवमीला सगळी यंत्रं पुसून पूजा करायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही, ही रीत. कॉम्प्युटरही यंत्रच, तेव्हा मॉनिटरला टिळा आणि कीबोर्डवर फूल. मोठ्या मालकांनी आदल्या दिवशी नेहमीसारखं सांगितलं, "आतनं-भायरनं स्वच्छ करा रे सगळं." बाकीच्यांनी फडकं घेतलं. धाकट्या मालकांनी ‘आतनं’ हा शब्द मनावर घेतला आणि सर्व्हरमध्ये शिरले. सगळ्या मशिनांना फॉन्ट पुरवणारं फोल्डर तिथंच होतं.

खंडेनवमीला माळा घातलेली मशिनं गप्प बसून होती. दसऱ्याला मुहूर्तानं पहिलं ड्रॉइंग उघडलं आणि त्यावर नुसती प्रश्नचिन्हं. व्यासाच्या जागी प्रश्नचिन्ह, अंशाच्या जागी प्रश्नचिन्ह, अधिक-उण्याच्या जागी प्रश्नचिन्ह. आकडे होते, पण भलत्याच फॉन्टमधले, औषधाच्या खोक्यावर असतात तसे. फॉन्ट सापडला नाही की सॉफ्टवेअर दुसरा कुठलातरी लावून मोकळं होतं, आणि त्या दुसऱ्याकडं आमची चिन्हं नव्हतीच. मला क्षणात कळलं.

"‘आप्पा’ नावाची फाईल कुठाय?" मी विचारलं.

"ती होय? पर्सनल वाटली मॅडम. तुमच्या घरचं काहीतरी असेल म्हणून डिलीट केली. रिसायकल बिन पण क्लीन केला." मग माझं तोंड बघून म्हणाले, "पण हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असणार. अपडेट मारून बघू."

मला त्या क्षणी त्या पोराच्या कानातलं ओढून काढावंसं वाटलं. मी काढलं नाही. मी ‘बघते’ म्हणाले. दुसरी प्रत नव्हती. एकाच ठिकाणी एकच प्रत, म्हणजे कुणी आपली वेगळी करून घोटाळा घालणार नाही, हा माझाच दंडक. बाहेर आम्ही फक्त पीडीएफ पाठवायचो. मूळ ट्रेसिंग आणि ज्या जुन्या मशिनवर फॉन्ट बांधला ते मशिन, दोन्ही नदीकडच्या गोदामात होतं, आणि पुराचं पाणी त्या गोदामाच्या पत्र्यापर्यंत गेलं होतं.

ऑफिसचं काही अडलं नाही, हेही सांगते. दुपारपर्यंत धाकट्या मालकांनी तो खोक्यावरचा फॉन्ट कायम केला, त्यातली तयार चिन्हं बसवली, आणि कामं सुरू झाली. ड्रॉइंग बरोबर होती. कुणाचं काही वाईट झालं नाही. मी सोडून कुणाला फरकसुद्धा कळला नाही.

संध्याकाळी नव्या फॉन्टमधलं प्रिंट घरी नेलं. आप्पांनी मांडीवर घेतलं.

"कुणाचं हाय ह्ये?"

"आपल्याच हापिसातलं की."

"आपलं? ह्यात आपलं काय हाय?"

त्यांनी लाल पेन्सिल उचलली नाही. कागदाची घडी घातली, एका हातानं, मांडीवर दाबून दाबून, आणि खिडकीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशीचीही तिथंच गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद हातातच घेतला नाही आणि भाकरीही मागितली नाही. जुनी ड्रॉइंग दाखवून उपयोग नव्हता, ती सगळी त्यांनी तपासलेली होती. मला नवीन ड्रॉइंग त्या अक्षरात हवी होती. ‘माझ्या अक्षराचं भूत’ म्हणणारा हा माणूस त्या भुताशिवाय पुन्हा भिंतीकडं बघायला लागला होता. माझा असा संताप झाला की सांगता येत नाही, त्यांच्यावरही आणि त्या कानातलं अडकवलेल्यावरही.

मग माझे उपाय सुरू झाले. पुसलेल्या फाईली परत आणून देतो म्हणणारा एक तज्ज्ञ धाकट्या मालकांनी बोलावला. तो लॅपटॉप जोडून बसला, दोनदा चहा प्याला, आणि मोठ्या विजयानं त्यानं जे काही वर काढलं ते म्हणजे कुणाच्यातरी लग्नातले फोटो आणि एक अर्धा सिनेमा.

"पावणं, ह्ये फोटो कुणी मागितलं हुतं?" मी विचारलं.

"सिस्टीममध्ये जे असतं तेच येणार, मॅडम. बाकी सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे."

मग मी जुन्या पीडीएफमधून रेघा परत काढून बघितल्या. निघाल्या, पण चुरा होऊन. एका शून्याचे इतके तुकडे की पोह्यांचा भुगा बरा. त्यात पेन कुठं टेकलं, कुठं उचललं, काही कळेना.

आणि मग एका जुन्या पंपाचं ड्रॉइंग उघडलं. त्यावर एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. आप्पांचे आकडे जसेच्या तसे बसले होते. मी डोळे चोळले. एका पाचावर क्लिक केलं, आणि उजळली ती फक्त एक रेघ. फोडलेलं! बिद्रीच्या त्या कसायानं फोडलेलं. अक्षराची रेघ झाली होती, म्हणून तिला फॉन्टची गरजच उरली नव्हती. फॉन्ट मेला आणि त्याची फोडलेली अक्षरं मागं राहिली, अखंड, एकेक रेघ जशी मी बांधली होती तशी. सर्व्हरवर त्याची अशी कितीतरी ड्रॉइंग होती. ज्यांच्या नावानं मी बोटं मोडली होती, तीच.

सगळी कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हे विचारायला गारगोटीला फोन करावा लागला. त्यानं फोल्डर सांगितलं आणि मग बोलायचं ते बोललाच.

"बगा ताई, शेवटी फोडल्यालंच कामाला आलं का न्हाय?"

"पोरास्नी ह्ये शिकवू नका," एवढं म्हणून मी फोन ठेवला. आभार मानायचे राहिले. राहू देत. त्याचा गुन्हा गुन्हाच होता. फक्त या वेळी तो माझ्या उपयोगी पडला.

दिवसा ऑफिसचं काम आणि जेवणाच्या सुट्टीत ही अक्षरं, असं करत मी फॉन्ट पुन्हा बांधला. त्याच्या ड्रॉइंगमधून सगळं मिळालं. आकडे, अक्षरं, अंश, अधिक-उणे. मिळालं नाही एकच, व्यासाचं चिन्ह. कारण त्या महाभागानं जन्मभर डी-आय-ए लिहिलं होतं! शेवटी एक जुनं प्रिंट समोर ठेवून, मुगाच्या दाण्याएवढ्या त्या चिन्हाकडं बघत, गोल आणि तिरकी रेघ मी माझ्या हातानं काढली. डोळ्याला तरी तसंच दिसत होतं.

एका झाकणाचं नवीन ड्रॉइंग छापलं आणि घरी नेलं. आप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर पावट्याच्या शेंगा सोलत बसले. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. मग डावा हात हळूच चाचपडत खिडकीत गेला आणि लाल पेन्सिल घेऊन आला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

एका कोपऱ्यात त्यांनी गोल केला. "ही गोलाई किती ते कोण सांगणार? तुझा मालक?" मग पेन्सिल पुढं सरकली, व्यासाच्या चिन्हापाशी आली आणि थांबली.

"ह्ये माझं न्हाय."

"आप्पा, तुमच्याच प्रिंटावरनं काढलंय."

"न्हाय म्हंतो न्हवं. रेघ खालनं वर जाती, आन वर गेल्यावर गोलाच्या जरा भायर थांबती. तुझी नुसती आडवी पडलीया." आणि त्यांनी कागदाच्या मोकळ्या कडेला, डाव्या हातानं, एक गोल काढायला घेतला. हात असा थरथरत होता की गोलाची दोन टोकं मिळाली नाहीत. त्यांनी त्याच्याकडं तुच्छतेनं बघितलं, आयुष्यभर माझ्या कामाकडं बघत आले होते तसंच. "ह्ये बी न्हाय." पुन्हा काढलं. पुन्हा. शेंगा बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. झाकणाच्या भोवतीची सगळी पांढरी जागा लाल, वाकड्या व्यासांनी भरून गेली. शेवटच्या कोपऱ्यातल्या एकाची टोकं कशीबशी जुळली होती, रेघ खालून वर गेली होती आणि गोलाच्या जरा बाहेर थांबली होती.

त्यावर त्यांनी पेन्सिलीचं टोक आपटलं. "ह्यो घाल."

"कशात, आप्पा?"

"तुझ्या त्या भुतात."

मग भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी मी ते चिन्ह फॉन्टमध्ये घातलं आणि ‘आप्पा’ पुन्हा सर्व्हरवरच्या त्याच फोल्डरमध्ये ठेवून सगळ्या मशिनांना लावला. सरळ केलं नाही. गोल जिथं जिथं थरथरला होता तिथं तिथं पेनची तेवढी हालचाल आकड्यांत लिहिली. आता आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगवर बाकी सगळं शाईच्या पेननं काढल्यासारखं असतं आणि व्यास तेवढा थोडा थरथरलेला.

धाकट्या मालकांच्या ते लक्षात यायला काही आठवडे लागले. स्क्रीनवर मोठं करून बघत माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हे डायमीटरचं सिम्बॉल वाकडं का येतंय?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम हाय," मी म्हणाले. "दुरुस्त व्हायचा न्हाय."